अंग आंबलं

मराठीत काही शब्दप्रयोग असे आहेत, की ते पहिल्यांदा ज्याच्या तोंडून निघाले त्याला शोधून काढून शाल-श्रीफळ द्यावं. 'अंग आंबणं' हा त्यातलाच एक. इडलीचं पीठ आंबतं, ताक आंबतं, रात्री बाहेर राहिलेली आमटी आंबते आणि फार चालला की माणूसही आंबतो. नुसतं 'दुखतंय' म्हटलं तर ऐकणारा 'कुठं?' असं विचारतो. 'अंग आंबलंय' म्हटलं की पुढचा प्रश्नच मिटतो. सगळीकडं!

मी आंबलो तो वार मंगळवार होता. वार मुद्दाम सांगतो, कारण डोंगर चढलो होतो रविवारी. सोमवारी मी अगदी ठणठणीत होतो. इतका, की ऑफिसात तीनदा 'काल माहुली करून आलो' असं न विचारता सांगितलं. चौथ्यांदा सांगायला गेलो तेव्हा समोरच्यानं फाइलीत डोकं घातलं. मंगळवारी पहाटे मात्र कूस बदलायला गेलो आणि माझे पाय रात्रीतून कुणीतरी बदलून नेले असावेत असा संशय आला. व्यायामाचं दुखणं आमच्या भिवंडीच्या सूतबाजारासारखं असतं. माल आज उचला, पैशांचं नंतर बघू. आणि 'नंतर' आलं की वसुलीला जो माणूस येतो, तो पहिल्या दिवशी गोड हसणारा नसतोच.

आता या वयात मी माहुली चढायला का गेलो, तेही सांगायला हवं. ठाणे जिल्ह्यातला चांगला उंच गड तो. निजामशाहीच्या अखेरच्या झगड्यात शहाजीराजांनी याच गडाचा आश्रय घेतला आणि १६३६ साली वेढा पडल्यावर नाइलाजानं तो सोडला. मी गेलो तो वेढा डॉक्टरांनी घातला होता. रक्ताच्या तपासणीत साखर निघाली. ते म्हणाले, "औषध देतो, पण खरं औषध म्हणजे हालचाल. रोज शरीर हलवा." साखर निघाली तेव्हा माझे वडील माझ्याच वयाचे होते. त्यांनाही हेच सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "उद्यापासून." तो उद्या काही उगवला नाही, आणि वडीलही त्याची वाट बघत फार दिवस थांबले नाहीत.

तेव्हा मी ठरवलं, आपण आजपासूनच. आणि मध्यमवर्गीय माणसानं एकदा 'आजपासून' ठरवलं, की तो वऱ्हाळ तलावाला एक फेरी मारण्याइतका साधा कार्यक्रम कधीच आखत नाही. तो एकदम माहुलीचं शिखर गाठतो.

माझ्या व्यायामाचा पूर्वेतिहास मात्र उज्ज्वल नाही. कॉलेजात असताना तालमीत गेलो, पहिल्याच दिवशी ईर्षेनं शंभर बैठका मारल्या आणि तिसऱ्या दिवशी तालीम सोडली. लग्नानंतर सूर्यनमस्कार सुरू केले, ते तिसऱ्या दिवशी मावळले. चाळिशीत डंबेल्स आणले. त्यांतला एक आता खिडकीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून लावतो. दुसरा लोणच्याच्या कैऱ्यांवर दाब म्हणून असतो. थोडक्यात, माझ्या आयुष्यातले सगळे व्यायाम तिसऱ्या दिवशी वारले. कारण एकच, अंग आंबलं.

मंगळवारी आंघोळ झाली, पण ऑफिसला निघालो आणि जिन्यापाशी अडलो. आमची इमारत ब्राह्मण आळीतली, जुनी. लिफ्ट नाही, पायऱ्या अठ्ठेचाळीस. गंमत अशी, की चढताना पाय फारशी तक्रार करत नव्हते. उतरताना मात्र प्रत्येक पायरीला मांडीतून अशी कळ यायची, की तोंडातून आपोआप एकेक देवाचं नाव निघे. तेहतीस कोटी देव कशासाठी लागतात ते मला त्या दिवशी कळलं. दहाव्या पायरीवर मी तोंड फिरवलं आणि उलटा उतरू लागलो. खालून वर येणाऱ्या पोस्टमननं मला जागा दिली आणि काही बोलला नाही. सरकारी माणसाचा हा संयम मला आवडतो.

संध्याकाळपर्यंत बातमी इमारतभर झाली आणि उपायांची रांग लागली. आपल्याकडे माणूस आजारी पडला की सगळ्यांत आधी येतो तो उपाय, मग माणूस.

सौ. म्हणाली, "अंग आंबलंय ना? मग आज कढी करते. आंबट आंबटाला मारतं." हे कुठल्या शास्त्रात बसतं ते मी विचारलं नाही. लग्नाला तीस वर्षं झाल्यावर माणूस शास्त्र विचारत नाही, कढी किती ते विचारतो.

वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले, "साधी गोष्ट आहे. लॅक्टिक ॲसिड साठलंय तुमच्या स्नायूंत." मास्तर विज्ञान शिकवायचे. त्यांनी हवेत बोटानं सूत्रसुद्धा लिहून दाखवलं.

भाचा मोबाइल पुढं करून म्हणाला, "मामा, मोठे खेळाडू बर्फाच्या टबात बसतात." आमच्या बाथरूममध्ये टब नाही, एक बादली आहे आणि तिच्यात एका वेळी एकच पाय मावतो.

औषधाच्या दुकानात शब्दही न बोलता एक मलमाची ट्यूब पुढं आली. माझी चाल बघून त्यांनी निदान केलं होतं.

आणि समोरचे चाचा, ज्यांचे एके काळी बारा माग होते आणि मंदीत त्यांतले आठ भंगाराच्या भावानं गेले, ते म्हणाले, "कुछ नहीं, मालिश. तेल गरम कर के. बाकी सब बातें हैं."

पाच माणसं, पाच उपाय. मी हिशेब ठेवणारा माणूस. ऑफिसात बसता येत होतं, उठता येत नव्हतं, म्हणून बसल्या बसल्या या पाचही उपायांची वंशावळ काढायला सुरुवात केली. काढता काढता कळलं, की आपण समजतो तितकं हे दुखणं आपलं एकट्याचं नाही. याला चांगला दीड-दोन हजार वर्षांचा इतिहास आहे.

मास्तरांच्या ॲसिडपासून सुरुवात करू, कारण त्याची कुळकथा थेट कढीला जाऊन मिळते. १७८० साली शील नावाच्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञानं हे आम्ल पहिल्यांदा वेगळं काढलं ते आंबलेल्या दुधातून. म्हणजे दह्यातला आंबटपणा तो हाच! पुढं १८०७ च्या सुमारास त्याच देशातल्या बर्झेलियसला तेच आम्ल प्राण्यांच्या मांसात सापडलं. पळवून पळवून दमवलेल्या हरणाच्या मांसात ते जास्त असतं, असं त्याचं मत पडलं. जे त्याला हरणं कापून कळलं, ते आमच्या आज्ज्यांनी नुसतं 'पोराचं अंग आंबलंय' म्हणून सांगून टाकलं होतं. मला मराठी असल्याचा फार अभिमान वाटला. तो किती वेळ टिकला ते पुढं येईलच.

१९२२ सालचं वैद्यकाचं नोबेल पारितोषिक इंग्लंडचे हिल आणि जर्मनीचे मायरहोफ या दोघांना मिळालं, तेही स्नायूंच्या कामावरच्या संशोधनाबद्दल. स्नायू राबतो तेव्हा हे आम्ल तयार होतं आणि विश्रांतीत पुन्हा निस्तरलं जातं, हे मायरहोफनं दाखवलं. झालं! दमणूक, पेटके, तिसऱ्या दिवसाचं दुखणं, सगळे गुन्हे या एकाच आरोपीच्या नावावर लागले. मास्तरांना त्यांच्या मास्तरांनी हेच शिकवलं, मास्तरांनी तीस वर्षं पोरांना तेच शिकवलं आणि ती पोरं आज आपापल्या पोरांना तेच सांगताहेत.

आणि आरोपी निर्दोष निघाला! व्यायाम थांबल्यावर तासाभरात हे आम्ल रक्तातून पहिल्या पातळीवर येतं. शरीर त्याची घाण म्हणून विल्हेवाट लावत नाही, चक्क जळण म्हणून वापरतं. रविवारी संध्याकाळी जो गाव सोडून गेला, त्यानं मंगळवारी पहाटे घरफोडी कशी करावी? १९८३ साली अमेरिकेत एक साधा प्रयोग झाला. काही लोकांना सपाटीवर पळवलं, काहींना उतारावर. सपाटीवाल्यांच्या रक्तात आम्ल वाढलं, पण दुखलं काही नाही. उतारवाल्यांच्या रक्तात आम्ल वाढलं नाही, आणि दोन दिवसांनी तेच कण्हत होते.

मी हे मास्तरांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तीस वर्षं मी..." मला वाईट वाटलं. मी म्हटलं, "मास्तर, नोबेलवाल्यांच्या मागं गेलात, कुणा भलत्याच्या मागं नाही."

मग खरा गुन्हेगार कोण? त्याचा पहिला सुगावा बराच आधी, १९०२ साली लागला होता. अमेरिकेतल्या थिओडोर हफ नावाच्या शास्त्रज्ञानं बोटांना वजनं उचलायला लावून दुखण्याचे दोन प्रकार वेगळे केले. एक काम चालू असताना होणारं, आणि दुसरं आठ-दहा तासांनी सुरू होऊन दोन-तीन दिवस टिकणारं. दुसऱ्या प्रकारात स्नायूच्या आत कुठंतरी बारीकसारीक फाटत असावं, असं त्यानं लिहिलं. पण आम्लाचा बोलबाला पुढं इतका झाला, की फाटक्याकडं कुणी बघितलं नाही.

१९८३ सालीच लंडनमध्ये आणखी एक गंमत झाली. माणसांना एका ठोकळ्यावर चढ-उतार करायला लावली, पण अट अशी, की चढताना कायम एकच पाय लावायचा आणि उतरताना कायम दुसरा. माणूस तोच, वजन तेच, वेळ तीच. दुखला कुठला पाय? उतरणारा! त्याआधी दोन वर्षं स्वीडनमध्ये काही जणांना जिने पळत उतरायला लावून त्यांच्या पायाच्या स्नायूचे इवलेसे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघितले होते. आतली रेघेत बसलेली वीण जागोजागी विस्कटलेली दिसली.

कारण असं, की चढताना स्नायू आकसत आकसत काम करतो, आणि ते त्याला आवडतं. उतरताना तो भार धरून ठेवत ठेवत लांबत जातो. विहिरीत बादली सोडताना दोर हातातून हळूहळू सोडावा तसा. ओढण्यापेक्षा या धरून सोडण्यातच तळहात जास्त सोलतो. त्यातून सवय नसेल तर आत बारीक तंतू उसवतात. मग शरीराची दुरुस्ती-पथकं तिथं येतात, सूज येते, नसा हळव्या होतात. हे सगळं व्हायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून मंगळवार.

तेव्हा मला आमच्या जिन्याचं कोडं उलगडलं. हिरकणीचीही आठवण झाली. तान्ह्यासाठी ती रात्री रायगडाचा कडा उतरून गेली ही कथा आपण चौथीपासून ऐकतो. ती उतरली कशी ते सगळे सांगतात. तिसऱ्या दिवशी तिनं दुधाची घागर कशी उचलली असेल, हे मात्र कुणी सांगत नाही.

हा सगळा शोध मी चाचांना सांगितला. ते शांतपणे ऐकत होते. खाली कुठंतरी माग चालू होते, त्यांचा खडखडाट आमच्या बोलण्याला साथ देत होता. भिवंडीकराला तो ऐकू येत नाही, थांबला तरच येतो. चाचा म्हणाले, "मतलब ताण्यात तार तुटली."

"तसंच काहीसं."

"मग काय करतात? माग थांबवायचा, गाठ मारायची, माग चालू. हजारो तारा असतात साहेब बीमवर, दिवसात कितीदा तुटतात. तार तुटली म्हणून कोणी माग विकत नाही."

एवढं बोलून ते क्षणभर थांबले. त्यांचे आठ माग कशामुळं विकले गेले ते मला माहीत होतं. तार तुटल्यामुळं नव्हे. मी चहा मागवला.

मालिशीचा इतिहास मात्र चाचांच्या बाजूचा निघाला. आपल्या वैद्यकातल्या वाग्भटानं तेराएकशे वर्षांपूर्वी व्यायामाची कलमं घालून दिली आहेत. बलवान माणसानंसुद्धा थंडीच्या आणि वसंताच्या दिवसांत ताकदीच्या निम्माच व्यायाम करावा, आणि तो झाल्यावर सर्वांग सोसवेल असं चोळून घ्यावं. अर्धी ताकद कशी ओळखायची, तर कपाळाला घाम फुटला आणि तोंडानं श्वास घ्यावा लागला की थांबावं, असं आयुर्वेदात सांगितलंय. जो अति करतो त्याला वाग्भटानं हत्ती ओढायला गेलेल्या सिंहाची उपमा दिलीय. सिंह हत्तीला मारतो खरा, पण ओढता ओढता स्वतःही संपतो. माहुलीच्या पायथ्याशीच मी तोंडानं श्वास घेत होतो. म्हणजे वाग्भटाच्या हिशेबानं माझा व्यायाम गाडीतून उतरून नाश्ता केला तिथंच पूर्ण झाला होता. पुढचा सगळा हत्ती.

तालमींनी हे शास्त्र पोथीत न ठेवता मातीत ठेवलं. नवा पोरगा आला की वस्ताद त्याला एकदम शंभर बैठका मारू देत नाही. थोड्या थोड्या वाढवतो, आणि मेहनत संपली की पोरं एकमेकांना तेलानं रगडतात. कॉलेजात मी पहिल्या दिवशी शंभर मारल्या तेव्हा वस्ताद 'पुरे' म्हणाले होते. मला वाटलं, कौतुकानं म्हणताहेत.

औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींची गोष्ट तर आपल्याला लाजवणारी. राजा माणूस, पण व्यायामाचं वेड. आधी सँडोच्या पद्धतीची साधनं आणून बघितली, मग ती बाजूला ठेवून सूर्यनमस्कारांवर आले ते जन्मभर. संस्थानातल्या शाळांत पोरांना नमस्कार घालायला लावले. १९३८ साली त्यांचं या विषयावरचं पुस्तक लंडनला इंग्रजीत निघालं. राजाचा हुकूम असल्यामुळं औंधच्या पोरांना तिसऱ्या दिवशी थांबायची सोय नव्हती. चौथा दिवस उजाडत होता, आणि माझ्या मते सूर्यनमस्काराचं निम्मं रहस्य त्यातच आहे.

आपली मालिश तर साता समुद्रापलीकडं गेली. पाटण्याचे शेख दीन महोमद १८१४ च्या सुमारास इंग्लंडात ब्रायटनला जाऊन स्थिरावले आणि तिथं त्यांनी वाफेचा हमाम आणि मालिश सुरू केली. आपली 'चंपी' तिथं 'शॅम्पू' झाली. राजा चौथा जॉर्ज त्यांच्याकडून अंग रगडून घ्यायचा, आणि त्यांना 'शॅम्पूइंग सर्जन' अशी पदवीच मिळाली. पुढं साहेबानं अंगाचं सोडून फक्त केसांचं ठेवलं, बाटलीत भरलं आणि तीच बाटली आपल्याला विकली. मलमाचा इतिहासही असाच आपल्या जवळचा. काशीनाथुनी नागेश्वरराव या आंध्रातल्या गृहस्थांनी १८९३ साली आमच्या शेजारच्या मुंबईत अमृतांजन काढलं. त्यातून इतका पैसा झाला, की १९०८ साली त्यांनी मुंबईतच 'आंध्र पत्रिका' हे तेलुगू वर्तमानपत्र सुरू केलं. लोकांची डोकी आधी थांबवली आणि मग चालवली! अशी मलमं तार जोडत नाहीत. ती कातडीवर गार-गरम अशी झोंबतात आणि मेंदूचं लक्ष तिकडं वळवतात. लग्नात रुसलेल्या मामांना मिरवणुकीत पुढं घालतात तसंच.

आणि आजचं विज्ञान काय म्हणतं? तर तेही चाचांच्याच ओट्यावर येऊन बसलंय. व्यायामाआधी-नंतर अंग ताणण्याचे जे प्रकार शाळेत करून घेतले जायचे, त्यांनी दुखण्यात शंभर गुणांच्या मापावर एखाद-दुसऱ्या गुणाचा फरक पडतो, असं २०११ सालच्या एका मोठ्या आढाव्यात निघालं. एका गुणासाठी किती घाम गाळला आपण! गार पाण्यात बसण्याचा थोडा फायदा दिसतो, असं २०१२ साली सतरा लहान चाचण्या तपासून सांगितलं गेलं, म्हणजे भाचाही अगदीच चूक नाही. २०१८ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी नव्व्याण्णव अभ्यास एकत्र करून सगळे उपाय एका रांगेत उभे केले. त्यांत पहिला नंबर मालिशीचा! मी ही बातमी चाचांना दिली. ते म्हणाले, "नव्व्याण्णव? मला एकदा विचारलं असतं."

एक उपाय मात्र कुणीच सांगितला नव्हता, आणि तो आमच्या हाकेवर होता. गरम पाणी. भिवंडीपासून वीसेक किलोमीटरवर तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं आहेत. गुरुवारी रजा टाकली आणि एसटीनं अंबाडीवरून वज्रेश्वरीला गेलो. देवळाला आधी पाया पडायचं, तर पायऱ्या बावन्न. आमच्या जिन्यापेक्षा फक्त चार जास्त, पण त्या चारांनी मला सगळं गणित शिकवलं.

हे देऊळ चिमाजीअप्पांच्या नवसाचं. वसईच्या मोहिमेवर असताना त्यांनी देवीला साकडं घातलं आणि १७३९ च्या मे महिन्यात वसई पडल्यावर ते फेडलं. किल्ल्यासारख्या तटाच्या आत देवी बसलीय. मी पायरीवर टेकून विचार करत होतो. वसईच्या वेढ्यात महिनोन् महिने खंदक खणणारे, तोफा ओढणारे, तटावर चढून पुन्हा पडणारे ते हजारो मावळे. बखरींत तलवारी आहेत, निशाणं आहेत, तह आहेत. त्यांच्या मांड्या-पोटऱ्यांबद्दल कुणी चकार शब्द लिहिला नाही. त्यांतला एखादा तरी परतीच्या वाटेवर अकलोलीच्या कुंडात पाय सोडून 'आई गं' म्हणाला असणार, असं माझं अनुमान. पुरावा मागू नका. त्या वेळी माझ्या मांड्या हाच पुरावा होता.

कुंडात उतरलो. पाणी आधी चटका देतं, मग मऊ होतं. शेजारी एक चाळिशीचा गडी गळ्यापर्यंत बुडून डोळे मिटून बसला होता. बोलता बोलता कळलं, भिवंडीच्याच गोदामात माथाडी आहे. पाठीवर कापडाच्या गाठी वाहायच्या, ट्रकात चढवायच्या, उतरवायच्या. माझी चाल बघून त्यानं विचारलं, "पडला का साहेब?"

"नाही. डोंगर चढलो."

"काही कामाला?"

"नाही. व्यायाम म्हणून."

तो हसला नाही, हे त्याचे उपकार. थोडा विचार करून म्हणाला, "म्हणजे दुखायला पाहिजे म्हणून पैसे खर्च करून गेला?"

मला उत्तर सुचेना. त्याच्यासारख्यांना कामाची, मजुरीची हमी मिळावी म्हणून महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला, हे मला पाठ होतं. पण त्याच्या पाठीची मला काही माहिती नव्हती. मी विचारलं, "तुम्हाला नाही दुखत?"

"आता नाही तसं. थकतो. पण पहिल्या आठवड्यात रडलो होतो. सतरा वर्षांचा होतो. तिसऱ्या दिवशी उठताच येईना. आईनं गरम पाण्यानं शेकलं, तेल लावलं, भाकरी बांधून दिली आणि म्हणाली, 'जा.' रोज बुडला असता ना. गेलो. मुकादमानं त्या दिवशी हलकी पोती दिली. आठ दिवसांनी कळलंच नाही कधी थांबलं दुखायचं."

यालाच विज्ञान आता मोठं नाव देतं. एकदा उसवून जोडलेला स्नायू तेच काम पुन्हा पडलं तर फारसा उसवत नाही, आणि हा शहाणपणा तो आठवडे-आठवडे लक्षात ठेवतो. म्हणजे या दुखण्यावर पहिल्या नंबरचं खरं औषध एकच आहे. तेच काम पुन्हा करणं, फक्त पोतं हलकं घेणं. हे त्याच्या आईला ठाऊक होतं, मुकादमाला ठाऊक होतं, वस्तादांना ठाऊक होतं. मी मात्र आयुष्यात तीनदा गाठ मारून झाल्यावर माग भंगारात काढला होता. सगळं सोसून झालेलं असायचं, आणि मी नेमका फळ मिळायच्या दिवशी घरी बसायचो. त्याला घरी बसायची सोय नव्हती, मला होती. एवढाच काय तो फरक.

शुक्रवारी सकाळी उठलो तर पाय माझे मला परत मिळाले होते. जिना सरळ तोंडानं उतरलो. आणि मग श्रेयाची वाटणी सुरू झाली. सौ. म्हणाली, "बघा, कढी!" भाचा म्हणाला, "बर्फ!" चाचांनी नुसती तेलाची वाटी दाखवली. दुकानदारानं ट्यूब संपली का विचारलं. मास्तर हळूच म्हणाले, "काही का असेना, ॲसिड उतरलं म्हणायचं." डॉक्टरांना दाखवायला गेलो तर ते म्हणाले, "काहीही केलं नसतं तरी चार-पाच दिवसांत जातंच. पण सूज फार वाढली, दुखणं आठवड्याच्या पुढं गेलं किंवा लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर तेल चोळत बसू नका, तडक इकडं या. आणि हे बघा, चालणं बंद केलंत का?"

खरा प्रश्न तो होता. वडिलांनाही कुणीतरी तो विचारला असणार.

रविवारी पुन्हा निघालो. माहुलीला नाही. वऱ्हाळ तलावाकडे, आणि येताना कामतघरच्या चढावरून, कपाळाला घाम फुटेपर्यंतच. सोमवारी तेच. मंगळवार येईपर्यंत मी जरा धास्तीत होतो. तिसरा दिवस हा माझा घातवार. पहाटे उठलो, कूस बदलली, पाय हलवून बघितले. किंचित ठणका होता, मांडीत कुणीतरी गाठ मारून गेल्यासारखा. बूट घातले. अठ्ठेचाळीस पायऱ्या उतरलो, देवांपैकी फक्त दोघांना त्रास दिला. खाली चाचा दात घासत उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, बुटांकडं बघितलं आणि विचारलं, "माग चालू?"

"चालू," मी म्हटलं.

परत आलो तर सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "अंग आंबलंय का हो आज?"

"नाही."

"मग आमटी टाकते."

"नको," मी म्हटलं, "कढीच कर. परवाची चांगली झाली होती."